गाळलेली वीस वर्षे

अमेरिकेच्या सिनेटमध्ये दर फेब्रुवारीत, जॉर्ज वॉशिंग्टनच्या जयंतीच्या सुमारास, एक सभासद उभा राहतो आणि ७,६४१ शब्दांचा एक मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवतो. एका वर्षी एका पक्षाचा सभासद, पुढच्या वर्षी दुसऱ्या पक्षाचा. वाचून झाले की चामडी बांधणीच्या एका वहीत सही करायची, असा शिरस्ता आहे. पहिले वाचन १८६२ साली, यादवी युद्ध चालू असताना झाले. १८९६ पासून त्यात खंड नाही. आपण ज्याला पारायण म्हणतो तेच हे. आणि पारायणाच्या ग्रंथाचे जे होते तेच या मजकुराचेही झाले आहे. तो पाठ होतो. त्यात काय म्हटले आहे आणि काय म्हणायचे टाळले आहे, हे पाहायचे राहून जाते.

मराठीत त्याला ‘निरोपाचे भाषण’ म्हणायची रूढी आहे. ते भाषण नव्हे. वॉशिंग्टनने ते कोणत्याही सभेपुढे केले नाही. १९ सप्टेंबर १७९६ रोजी फिलाडेल्फियातल्या डेव्हिड क्लेपूलच्या वृत्तपत्रात ते छापून आले. तिसऱ्यांदा अध्यक्षपदाला उभा राहणार नाही, हा निर्णय लोकांपुढे जाहीरपणे आला तो या छापील पत्रातून. म्हणजे हा मजकूर आहे निवडणूक तोंडावर असताना वर्तमानपत्रात आलेल्या अनावृत पत्राचा. व्यासपीठावरच्या भाषणाला जी भव्यता आपोआप चिकटते ती बाजूला ठेवली की पत्र वाचणे सोपे होते. दुसरा गैरसमज अधिक खोल आहे. नव्या राष्ट्राने परक्यांच्या युत्यांपासून कायमचे दूर राहावे, असा सनातन उपदेश या पत्रात आहे असे मानतात. अमेरिकेत शंभर-दीडशे वर्षे तसे मानले गेले आणि आपल्याकडे अलिप्ततेच्या बाजूने बोलणारेही तसेच मानून त्याचा दाखला देतात. माझे म्हणणे असे की मूळ विचार सनातन नव्हता, मुदतीचा होता. ती मुदत आकड्यात लिहिलेली होती. आणि अंतिम मजकुरात तो आकडा नाही.

पत्राला तीन हात लागले आहेत. १७९२ साली, पहिल्या कारकिर्दीच्या अखेरीस, वॉशिंग्टनने निवृत्त व्हायचे ठरवले तेव्हा त्याने जेम्स मॅडिसनकडून निरोपाचा एक मसुदा लिहून घेतला. मग सगळ्यांच्या आग्रहाने तो थांबला आणि मसुदा पेटीत राहिला. १५ मे १७९६ रोजी त्याने तो बाहेर काढून, त्याला स्वतःचे लेखन जोडून, न्यूयॉर्कला अलेक्झांडर हॅमिल्टनकडे पाठवला. हॅमिल्टन तोपर्यंत अर्थमंत्रिपद सोडून वकिली करत होता. त्याने दोन गोष्टी केल्या: आलेला खर्डा दुरुस्त केला, आणि शिवाय स्वतःचा एक संपूर्ण नवा मसुदा लिहिला. वॉशिंग्टनला नवा आवडला. त्याने तो काटछाट करून, शब्द बदलून, स्वतःच्या हाताने उतरवला आणि क्लेपूलला दिला. ‘खरा लेखक कोण’ यावर पुढे बरीच वर्षे वाद झाला. हॅमिल्टनच्या विधवेने पतीच्या कागदांसाठी कोर्टाची पायरीही चढली. १९३५ साली व्हिक्टर ह्यूगो पॉल्ट्सिट्स या ग्रंथपालाने (नावाने फसू नये, कादंबरीकाराशी याचा संबंध नाही) सगळे मसुदे एकत्र छापले, तेव्हा तो वाद बहुतेक मिटला. विचार वॉशिंग्टनचे, बांधणी हॅमिल्टनची, आणि शेवटचा शब्द पुन्हा वॉशिंग्टनचा.

पण मसुदे शेजारी ठेवले की लेखकत्वापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट दिसते. वॉशिंग्टनने स्वतः लिहिलेल्या भागात एक हिशेब आहे. हा देश आणखी वीस वर्षे शांततेत राहू शकला, तर लोकसंख्या, संपत्ती आणि भूगोल यांच्या जोरावर न्याय्य कारणासाठी तो जगातल्या कोणत्याही सत्तेपुढे उभा राहू शकेल, असे तो म्हणतो. शांतता जगाच्या अंतापर्यंत टिकावी अशी प्रार्थना तो त्याच ओघात करतो. पण प्रार्थना वेगळी आणि हिशेब वेगळा. हा आकडा त्याच्या लेखणीतून सहज निसटलेला नाही. डिसेंबर १७९५ मध्ये गव्हर्नर मॉरिसला लिहिलेल्या पत्रातही त्याने वीस वर्षांच्या शांततेचीच भाषा केली होती. हॅमिल्टनच्या मसुद्यात या जागी फक्त एवढे उरते की असा काळ फार दूर नाही. छापील पत्रातही तेच आहे. देशाला वेळ मिळवून देणे हा माझा मुख्य हेतू होता, हे वाक्य पत्राच्या शेवटाकडे आहे, नाही असे नाही. पण ‘वेळ’ म्हणजे किती, ते गेले. ‘वीस वर्षे’ म्हटले की ऐकणारा बोटांवर मोजू लागतो आणि एकविसाव्या वर्षी प्रश्न विचारतो. ‘फार दूर नाही’ म्हटले की प्रश्नच उरत नाही.

वीसच का? उत्तर जनगणनेत आहे. १७९० च्या पहिल्या मोजणीत अमेरिकेची वस्ती ३९ लाख भरली, त्यातले सुमारे सात लाख गुलाम. १८१० मध्ये ती ७२ लाख झाली. स्वतः जमीनदार आणि जमीन मोजणारा असलेल्या वॉशिंग्टनला ही वाढ डोळ्यांनी दिसत होती. आणि तोवर काय दुबळेपणा होता, हेही त्याला इतर कुणाहून अधिक ठाऊक होते. १७८३ च्या तहाने स्वातंत्र्य मान्य झाले, तरी डेट्रॉइट, नायगारा, ओस्वीगो हे सरहद्दीवरचे किल्ले इंग्रजांनी सोडले नव्हते. मिसिसिपीचे मुख स्पेनच्या ताब्यात, आणि १७८४ पासून अमेरिकी मालाला ते बंद. डोंगरापलीकडच्या शेतकऱ्याने पिकवलेले धान्य बाजाराला न्यायचे तर त्याच नदीने न्यावे लागे. स्पेनने नदी उघडायची लालूच दाखवली तर हे लोक स्पेनकडे जातील, ही भीती खोटी नव्हती. नोव्हेंबर १७९१ मध्ये वाबाश नदीकाठी मूळ रहिवाशांच्या संयुक्त फौजेने सेंट क्लेअरच्या सैन्याचा धुव्वा उडवला, सहाशेहून अधिक सैनिक एका सकाळी मारले गेले. आरमार नव्हतेच. १७८५ मध्ये अल्जीयर्सच्या चाच्यांनी दोन जहाजे धरली, १७९३ मध्ये आणखी अकरा. शंभरावर खलाशी कैदेत. ते सोडवायला १७९५ च्या तहात ६,४२,५०० डॉलर मोजावे लागले आणि शिवाय दरवर्षी जहाजाचे सामान खंडणी म्हणून द्यायचे कबूल करावे लागले. तिजोरी भरायची ती मुख्यतः आयातीवरच्या जकातीतून, आणि आयातीत सर्वांत मोठा वाटा इंग्लंडचा. ज्याच्याशी भांडायचे त्याच्याच मालावर सरकारचा पगार निघत होता.

या यादीत फ्रान्स नाही, कारण फ्रान्स मित्र होता. खरी अडचण तीच होती. ६ फेब्रुवारी १७७८ च्या मैत्रीकराराने फ्रान्स अमेरिकेच्या मदतीला आला. त्याच्याशिवाय यॉर्कटाउन झाले नसते. पण करारात फ्रान्सच्या अमेरिकेतल्या मुलखांची, म्हणजे कॅरिबियन बेटांची, हमी अमेरिकेने दिली होती, आणि त्या कलमात मुदतीच्या जागी ‘आजपासून सदासर्वकाळ’ असे शब्द होते. वॉशिंग्टनच्या पत्रात ‘कायमच्या’ युत्यांबद्दल जी तक्रार आहे, ती हवेतून आलेली नाही. ती या एका शब्दाला दिलेले उत्तर आहे. गंमत अशी की १७७८ चा करार पत्रात नावाने कुठेच येत नाही. झालेले करार प्रामाणिकपणे पाळावेत, वाढवू नयेत, एवढेच येते. ज्याला समजायचे त्याला समजले.

(हेच फ्रान्स-इंग्लंडचे भांडण तेव्हा पुण्यातही येऊन पोचले होते. १७७७ मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच वकील पेशव्यांच्या दरबारी आला, नाना फडणिसांनी त्याला ठेवून घेतले, आणि कलकत्त्यात वॉरन हेस्टिंग्जची झोप उडाली. पुण्यात फ्रेंचांशी बोलणी झाली. फ्रेंच फौज आली नाही. फिलाडेल्फियाला ती मिळाली, आणि मग पंधरा वर्षांनी तिचे बिलही आले.)

बिल घेऊन येणाऱ्याचे नाव एदमाँ झने. जानेवारी १७९३ मध्ये सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला, १ फेब्रुवारीला फ्रान्सने इंग्लंडशी युद्ध पुकारले, आणि ८ एप्रिलला हा तरुण वकील चार्ल्सटनला उतरला. अध्यक्षाला भेटण्यापूर्वीच त्याने अमेरिकी बंदरांतून इंग्रज जहाजांवर धाडी घालायला खासगी जहाजे सज्ज करायला सुरुवात केली. २२ एप्रिलला वॉशिंग्टनने जाहीरनामा काढला. त्याला ‘तटस्थतेचा जाहीरनामा’ म्हणतात, पण त्यात ‘तटस्थता’ हा शब्द नाही. जेफरसनच्या आग्रहाने तो टाळला होता. हॅमिल्टन आणि मॅडिसन टोपणनावांनी वर्तमानपत्रांतून एकमेकांवर तुटून पडले. १७९२ चा मसुदा लिहिणारा आणि १७९६ चा मसुदा लिहिणारा हेच ते दोघे. झने शेवटी परत बोलावला गेला, पण मायदेशी त्याची मान सुरक्षित नव्हती; ज्या अध्यक्षाला त्याने धुडकावले होते त्यानेच त्याला आश्रय दिला. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरच्या मुलीशी लग्न करून तो तिथेच शेतकरी झाला.

आता जॉन जेचा तह. १७९३ च्या नोव्हेंबरातल्या हुकुमाने इंग्रजांनी फ्रेंच बेटांशी व्यापार करणारी अडीचशेवर अमेरिकी जहाजे धरली. युद्ध टाळायला सरन्यायाधीश जेला लंडनला पाठवले, आणि १९ नोव्हेंबर १७९४ ला त्याने जे आणले ते पाहून देश पेटला. किल्ले सोडायचे इंग्रजांनी कबूल केले, हा फायदा. पण अमेरिकी जहाजांवरून खलाशी पकडून आपल्या आरमारात जुंपण्याची इंग्रजांची रीत तशीच राहिली, तहात तिच्याबद्दल अक्षर नाही. सिनेटने २० विरुद्ध १० मतांनी, म्हणजे नेमक्या दोन-तृतीयांशाने, तो मान्य केला. गावोगाव जेचे पुतळे जाळले गेले, हॅमिल्टनने न्यूयॉर्कच्या सभेत दगड खाल्ले. कनिष्ठ सभागृहात मॅडिसनच्या नेतृत्वाखाली तहासाठी पैसाच मंजूर करायचा नाही असा लढा झाला. तो ३० एप्रिल १७९६ रोजी ५१ विरुद्ध ४८ मतांनी हरला.

त्या मतदानानंतर पंधराव्या दिवशी वॉशिंग्टनने आपला खर्डा हॅमिल्टनकडे पाठवला. ही तारीख लक्षात ठेवून पत्र वाचले की त्यातला निर्विकार सूर संशयास्पद वाटू लागतो, आणि तो संशय खरा आहे. मूळ खर्ड्यात राग होता. आपल्यावर चिखल उडवणाऱ्या वृत्तपत्रांबद्दलची तक्रार होती. १७९२ चा मॅडिसनचा मसुदा आहे तसा छापावा अशीही इच्छा होती. आज विरोधकांचा म्होरक्या झालेल्या मॅडिसनलाच चार वर्षांपूर्वी माझी निवृत्तीची इच्छा माहीत होती, हे जगाला कळावे म्हणून! हॅमिल्टनने हे सगळे काढायला लावले. परराष्ट्रधोरणाचा भाग वॉशिंग्टनने एकामागून एक इच्छांची यादी असा लिहिला होता: असे होवो, तसे होवो. हॅमिल्टनने त्या इच्छांचा युक्तिवाद केला. प्रत्येक विधानाला कारण आले, कारणाला परिणाम आला. फेलिक्स गिल्बर्टने १९६१ च्या आपल्या अभ्यासात दाखवले आहे की हॅमिल्टनपुढे युरोपातल्या राज्यकर्त्यांच्या ‘राजकीय मृत्युपत्रां’चा नमुना होता. वारसाला राज्याची हितसंबंधांची गुपिते सांगणारा तो प्रकार. इथे वारस म्हणजे जनता, म्हणून गुपित वर्तमानपत्रात.

या संपादनाचे मोल मला दोन्ही बाजूंनी मोजावेसे वाटते. राग गेला म्हणून पत्र टिकले, यात शंका नाही. एखाद्या परराष्ट्राचा नित्य द्वेष किंवा नित्य लोभ धरणारे राष्ट्र त्या भावनेचे गुलाम होते, हा त्यातला सर्वांत धारदार विचार. तो १७९६ मध्ये सरळसरळ फ्रान्सप्रेमी विरोधकांना मारलेला टोला होता. पण लिहिला असा की इंग्लंडप्रेमी हॅमिल्टनलाही तो तितकाच लागावा. स्वतःवर उलटू शकेल असे वाक्य स्वतःच्या हाताने घडवायला धैर्य लागते, किंवा मग कौशल्याचा अतिरेक. हॅमिल्टनच्या बाबतीत मला दुसरे अधिक संभवनीय वाटते. पक्षाच्या लेखाला राष्ट्राच्या लेखाचा पोशाख चढवणे ही वृत्तपत्री लेखनातली सर्वांत अवघड करामत, आणि ती इथे पुरती साधली आहे. पत्र छापून आल्यावर काही आठवड्यांतच फ्रेंच वकील आदे याने वर्तमानपत्रांतून जेफरसनच्या बाजूने उघड प्रचार करून पत्रातल्या इशाऱ्याला फुकटचा पुरावा पुरवला.

पण त्याच संपादनात मुदतही गेली. काळाला बांधलेले जे जे होते ते ते रागाबरोबर वाहून गेले, आणि उरले ते कोणत्याही काळाला लागू पडेल असे. त्यातही वॉशिंग्टनने एक दार उघडे ठेवले होते: असाधारण संकटात तात्पुरत्या युत्या कराव्यात, असे पत्रात स्पष्ट आहे. पुढच्या वाचकांना ते दिसेनासे झाले. १८०१ मध्ये जेफरसनने आपल्या पहिल्या अध्यक्षीय भाषणात ‘गुंतवणाऱ्या युत्या’ असा शब्दप्रयोग केला, आणि तो इतका चपखल होता की लोकांनी तो वॉशिंग्टनच्याच नावावर जमा केला. आजही चांगल्या-चांगल्या पुस्तकांत ही चूक भेटते.

पत्राचा सर्वांत कच्चा भाग व्यापाराचा आहे. व्यापार सगळ्यांशी, राजकीय संबंध शक्य तितके कमी, हे सूत्र. समुद्राच्या दोन्ही तीरांवर युद्ध चालू असताना व्यापार हेच राजकारण असते, हे जहाजे गमावलेल्या देशाच्या अध्यक्षाला माहीत नव्हते असे कसे म्हणावे? तरी तो तसे लिहितो. या सूत्राची परीक्षा जेफरसनच्या वाट्याला आली. १८०७ च्या जूनमध्ये इंग्रज युद्धनौकेने अमेरिकेच्या ‘चेसापीक’वर गोळे टाकून खलाशी उचलून नेले. जेफरसनने वर्षअखेरीस आपलाच परदेशी व्यापार बंद केला. निर्यात १०.८ कोटी डॉलरवरून एका वर्षात २.२ कोटींवर आली. न्यू इंग्लंडची बंदरे ओस पडली, इंग्लंडचे फारसे बिघडले नाही. १८१२ मध्ये मॅडिसन अध्यक्ष असताना युद्ध सुरू झाले. १७९२ चा मसुदा लिहिणारा हाच मॅडिसन. २४ ऑगस्ट १८१४ रोजी इंग्रजांनी वॉशिंग्टनच्या नावाचे शहर जाळले. चार महिन्यांनी गेंटला तह झाला. जिंकलेले मुलूख परत, हद्द जुनीच, आणि खलाशी पकडण्याबद्दल या तहातही अक्षर नाही.

१७९६ अधिक सोळा. वीस पुरी झाली नव्हती. मूळ आकडा लोकांपुढे असता तर युद्ध टळले असते, असे मी म्हणत नाही. आकड्यांनी युद्धे टळत नाहीत. पण चर्चा वेगळी झाली असती. तयारी झाली आहे का, चार वर्षे आणखी थांबता येईल का, हा प्रश्न विचारायला वॉशिंग्टनचाच आधार मिळाला असता. तो न मिळाल्याने वाद झाला तो मान-अपमानाचा.

पत्रात काय नाही, तेही पाहिले पाहिजे. त्या वर्षांत तुटपुंज्या सैन्याची आणि पैशाची मोठी नासाडी ज्यांच्याशी लढण्यात झाली ती मूळ रहिवाशांची राष्ट्रे या पत्रात नाहीत. ती ‘परराष्ट्र’ही नाहीत आणि ‘आपण’ही नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा कागद होता. २९ ऑगस्ट १७९६ रोजी, म्हणजे प्रसिद्ध पत्राच्या तीन आठवडे आधी, वॉशिंग्टनने चेरोकी राष्ट्राला एक निवेदन लिहिले: शिकार कमी झाली आहे, शेती करा, गुरे पाळा, बायकांना सूत कातायला आणि विणायला शिकवा, मीही लवकरच मोठे गाव सोडून माझ्या शेतावर जाणार आहे. त्यातली भाषा मायाळू आहे, वडीलधाऱ्याची आहे. चेरोकींनी पुष्कळसे तसे केलेही. १८३८ मध्ये त्यांना शेतांसकट हाकलून मिसिसिपीपलीकडे नेले. निरोपाच्या दोन पत्रांतले हे दुसरे पत्र सिनेटमध्ये कोणी वाचत नाही. हैतीबद्दलही पत्र गप्प आहे. गुलामांनी स्वतंत्र केलेल्या त्या शेजारी राष्ट्राला अमेरिकेने मान्यता दिली ती १८६२ मध्ये. सिनेटमधल्या पहिल्या पारायणाचे वर्षही तेच.

आपल्या पिढीने हे पत्र वाचले ते नेहरूंच्या चष्म्यातून, आणि त्याला कारणही होते. जून १९५६ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी तटस्थता ही कालबाह्य आणि क्वचित अपवाद वगळता अनैतिक कल्पना आहे, असे जाहीर केले. त्यांचेच अध्यक्ष आयझेनहॉवर तीनच दिवस आधी पत्रकारांना सांगून चुकले होते की आम्हीही एकेकाळी तरुण देश होतो आणि पहिली शंभर-दीडशे वर्षे तटस्थच होतो. भारतीय वाचकाला या जोडीचा आनंद न होता तर नवल. पण त्या आनंदात आपणही वॉशिंग्टनचा छापील मजकूरच उचलला, खर्डा नाही. अलिप्तता हे तत्त्व की मिळवलेला वेळ, आणि वेळ असेल तर किती, कशासाठी, हे आपल्याकडे १९६२ पर्यंत कोणी नीटसे विचारले नाही.

१७७८ च्या करारातून अमेरिका सुटली ती १८०० मध्ये, फ्रान्सशी दोन वर्षे समुद्रावर अघोषित लढाई केल्यावर. त्यानंतर शांततेच्या काळात युरोपशी लष्करी युती तिने केली ती थेट १९४९ मध्ये, नाटोची. त्या कराराच्या तेराव्या कलमात, कोणत्याही सभासदाला बाहेर पडता येईल पण करार लागू होऊन वीस वर्षे झाल्यावर, अशी अट आहे. आकडा तोच, हा निव्वळ योगायोग. पण या वेळी तो छापला गेला.

मराठीत या पत्राचा अनुवाद कोणी हाती घेतलाच, तर माझी एक सूचना आहे. डाव्या पानावर मे १७९६ चा खर्डा छापावा, त्यातल्या रागासकट, ‘असे होवो, तसे होवो’ या यादीसकट. उजव्या पानावर सप्टेंबरचा मजकूर. आणि शेवटी चेरोकींना लिहिलेले पत्र.